फाटकाकडून चौथी ओळ

"पहिली ओळ पाण्याची, तिला तहान कुठली?
दुसरी ओळ लेकाची, सगळ्यांआधी उठली.
तिसरी ओळ लेकीची, वाकडी गं चालते,
चौथी ओळ माझी बाई, माझ्याशीच बोलते."

विहिरीपासून निघून आई अशी ओळी मोजत चढ चढायची. खांद्यावर फावडं, पाय चिखलात, गळा मोकळा. बारा ओळींना पुरतील एवढी कवनं तिच्यापाशी नव्हती. आठवीच्या पुढे ती नुसतंच हं-हं करत यायची आणि फाटकाशी पोचली की स्वतःच हसायची. त्याला वीस वर्षं होऊन गेली. संत्र्याच्या रोपांची झाडं झाली, आई गेली, बाग दादाकडे आली.

आज सकाळी फाटकातून आत शिरताना ठकीला तो आवाज जसाच्या तसा ऐकू आला, आणि तिचं पाऊल पुढे पडेना.

ठकी हे घरातलं नाव. बाहेर तिला 'नळीवाल्या बाई' म्हणत. बुरशीनं मुळं कुजायला लागली तरी पानांना त्याची खबर महिनोन् महिने नसते. पानं पिवळी पडतात तोवर खाली सगळा कारभार आटोपलेला असतो. म्हणून बुंध्याशी पारदर्शक नळी तिरपी पुरायची, तीत बोटाएवढा कॅमेरा सोडायचा आणि वीत वीत खाली नेत मुळांचे फोटो घ्यायचे. मग कुठल्या ओळीत काय दिसलं ते कागदावर लिहून बागवाल्याला द्यायचं. एवढंच काम. पण प्रत्येक नळीपाशी गुडघे टेकून बसावं लागे आणि दिवसाला शंभरेक नळ्या होत. बसणं जमायचं. उठताना तोंडातून आपसूक 'आई गं' निघायचं, आणि जवळपास कुणी असलं की ती ते खोकल्यात लपवायची.

महिन्यापूर्वी तिनं दादाच्या बागेत कॅमेरा फिरवला होता. कागदावर लिहिलं होतं: चौथी ओळ, मूळकूज, नुकतीच सुरुवात, अठराही झाडं काढून जाळावीत, बाकीची बाग वाचेल. चार दिवसांनी दादाचा निरोप आला होता, "काढली. जाळली. खड्डे उन्हाला उघडे ठेवलेत."

ठकीच्या कचेरीच्या कागदावर ओळी फाटकाकडून मोजतात, बाग कुणाचीही असो. दादा मात्र आईचा मुलगा, तो विहिरीकडून मोजतो.

फाटकाशी उभ्या उभ्या ठकीनं बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथी ओळ जागेवर होती. हिरवीगार, पानं तेलाचा हात फिरवल्यासारखी तुकतुकीत. पाच, सहा, सात, आठ. नववीच्या जागी अठरा खड्डे होते आणि बांधावर राखेचा काळा पट्टा. फाटकाकडून नववी म्हणजे विहिरीकडून चौथी. आईची.

"आलात वन्सं?" वहिनी शेडमधून पदराला हात पुसत आली. "तोंड का एवढंसं झालंय? कचेरीत उपाशी ठेवतात वाटतं."

"ऊन लागलं."

"आत्ता? सकाळच्या आठाला?"

ठकीनं कॅमेऱ्याची पेटी उचलली आणि सरळ चौथीच्या पहिल्या नळीपाशी जाऊन बसली. कॅमेरा सोडला. पहिली वीत बरी होती. तिसऱ्या वितीला टॅबच्या पडद्यावर मुळं आली आणि तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले. निरोगी मूळ दुधाळ असतं, भरलेलं. इथं बाहीतून हात काढून घ्यावा तशी साल सुटून आली होती, आत नुसता तपकिरी दोरा. महिन्यापूर्वी याच जागी तिळाएवढे डाग होते. ते तीळ आता पाचव्या ओळीत आले होते. सहावी अजून स्वच्छ होती.

तिनं नेमानं उरलेल्या सगळ्या ओळी पुऱ्या केल्या. सहावीपाशीच उठून दादाला गाठायला हवं होतं, हे तिला कळत होतं. पण बसायचं, सोडायचं, बघायचं, उठायचं, यात तोंड उघडावं लागत नाही. दमलेल्या माणसाला तेवढाही आडोसा पुरतो.

दादा दुपारी आला तो खुशीत.

"काय म्हणते आमची ठकी? दिसलं का भुईच्या पोटातलं?" तो नळावर हात धुता धुता म्हणाला. "अगं, पलीकडच्या बागेतले काका परवा म्हणाले, तुझी बहीण झाडांची डॉक्टर झाली म्हणे. मी म्हटलं, डॉक्टर कशाला, डॉक्टर चुकतात!"

"बसा आता जेवायला," वहिनी म्हणाली. "सकाळपासून बहिणीचंच पुराण चाललंय."

"बसतो, पण घाईत. पंप लावायचाय. आठ दिवस पाणी दिलं नाही बागेला."

या बागेत पाणी पंपानं वर फाटकाशी येतं आणि उतारानं ओळीओळीतून खाली विहिरीकडे जातं. पाण्याच्या पाठीवर बसून बुरशी पुढे सरकते. चौथीतून पाचवीत गेलीच होती. आजच्या पाण्यानं ती सहावीत, सातवीत, पार खालपर्यंत उतरली असती. ठकीनं ताटाकडे बघितलं. घास हातात होता, तो तिथंच राहिला.

दादानं दोन घास खाल्ले आणि आवाज खाली आणला. "एक सांगू का ठके? झाडं उपटली ना, तेव्हा मुळं मला पांढरीच दिसली. चांगली ठसठशीत. ही म्हणत होती, थांबा, वन्संना फोन करा."

"म्हटलंच होतं मी," वहिनी म्हणाली.

"हो, म्हटलं होतंस. पण मी म्हटलं, ठकीला जे दिसतं ते आपल्याला कुठून दिसणार? आपलं बघणं वरवरचं. डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही आणि दिली काडी लावून." त्यानं ताटातला घास नुसताच कालवला. "आईची ओळ होती. हात जड झाला होता खरा."

"दादा, पंप लावू नकोस."

"का गं?"

"मुळं पांढरीच होती. तू बरोबर बघितलंस." ठकीनं घास ताटात ठेवला. "रोग त्या ओळीत नव्हताच. मी फाटकाकडून मोजलं होतं. चौथी ती, अजून उभी आहे ती. पाचवीलाही लागलाय आता. त्या दोन्ही काढल्या तर बाकीची बाग राहील. पण पाणी आज सोडू नकोस."

 दादानं मान वळवून फाटकाकडे पाहिलं. ओठ हलत होते, मोजत होता. तिकडून मोजायची सवय नव्हती, म्हणून दोनदा मोजलं. वहिनीनं पातेल्यावर झाकण ठेवलं, आवाज होऊ न देता.

"तो कागद आण," तो वहिनीला म्हणाला.

कागद आरशामागे खोचलेला होता. दादानं तो हात लांब करून धरला आणि डोळे बारीक करून खालपर्यंत वाचला. बराच वेळ लागला. मग कोपऱ्यातल्या एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"लिहिलंय की इथं," तो हळू म्हणाला. "बारीक अक्षरात, पण लिहिलंय. 'ओळी फाटकाकडून.' मीच वाचलं नाही गं. चौथी म्हटलं की चौथी, धावलो कुऱ्हाड घेऊन." त्यानं कागदाची घडी घातली. ती नीट बसेना, पुन्हा घातली. "तू कशाला तोंड पाडून बसलीस? तुझं काही चुकलं नाही. मूर्ख मी. जेव तू."

वहिनीनं ठकीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात ऊबदार होता. सकाळपासून टेकायला जागा शोधणाऱ्या ठकीला ही जागा आपणहून मिळाली होती. कागद तिच्या बाजूनं होता आणि भाऊही तिच्याच बाजूनं होता. नुसतं गप्प राहायचं, चार घास गिळायचे, आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी जाऊन निजायचं. तिच्या अंगातला कण न् कण तेवढंच मागत होता.

दादा उठला. पंपाच्या खोलीकडे न जाता कुऱ्हाडीकडे निघाला.

"दादा, बस जरा," ठकी म्हणाली. "लिहिताना मला आठवलं होतं, तू विहिरीकडून मोजतोस ते."

तो उभ्याचा उभा राहिला.

"फोन हातात घेतला होता मी. त्या दिवशी शंभरावर नळ्या झाल्या होत्या, पाठ टेकवत नव्हती. म्हटलं, आता कोण बोलत बसतं, उद्या सांगू. उद्या दुसरी बाग होती. मग मनाला सांगत राहिले की कागदावर आहे, तू वाचशील." तिचा आवाज कापला नाही, फक्त बारीक होत गेला. "तू वाचायचा नाहीस, हेही मला माहीत होतं."