न थकणारी माता

संपदाचा सत्कार करायचं दिल्लीतल्या मराठी महिला मंडळाने ठरवलं, तेव्हा तिला विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. सत्काराला कोण नाही म्हणतं? अध्यक्षा वृंदाताईंनी फोनवर गहिवरून कळवलं, की यंदा मातृदिनाची शाल आणि श्रीफळ तुलाच, शनिवारी चार वाजता, अवनीलाही आण, लोकांना बघू दे.

बघू दे म्हणे! नऊ वर्षांची पोर, तान्ही असल्यापासून फिट्स येतात तिला, आणि ह्यांना ती व्यासपीठावर मांडायची होती.

त्याच शनिवारी संध्याकाळी सहाला करोल बागेत मानसोपचारतज्ज्ञांनी वेळ दिली होती. अवनीला नव्हे, संपदाला. मागच्या महिन्यात खोलीत अवनी धपकन पडल्याचा आवाज आला आणि संपदा स्वयंपाकघरात नळ वाहता ठेवून तशीच उभी राहिली. गेली, पण उशिरा गेली. पुढच्या वेळी आपण जाणारच नाही, ह्या भीतीने तिचा जीव अर्धा झाला होता. ही वेळ हुकली तर पुढची थेट जूनअखेर होती.

लेकीला बरोबर न्यायची सोय नव्हती. नळाची गोष्ट तिच्यासमोर कोणत्या तोंडाने सांगणार? तेवढा वेळ कुणीतरी अवनीजवळ बसायला हवं होतं, बस्स. "आम्ही आहोत ना" हे वृंदाताईंचं पालुपद. पण बसायचं म्हटल्यावर त्यांच्या मयूर विहारहून संपदाचं द्वारका एकदम लांब पडायला लागलं. शिवाय फिट त्यांना बघवत नाही, फार हळव्या आहेत बाई! दुसऱ्या एकीने चप्पल हुंगवायचा सल्ला दिला. तिसरीने तर देव अशी मुलं निवडक आयांच्याच पदरात घालतो, असं ऐकवलं. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि वाढायला ह्या नटूनथटून तयार.

आणि नवरा? प्रसन्नला तिने नळाचंही सांगितलं होतं. लॅपटॉपवरची नजर न हलवता तो म्हणाला, यार, सगळ्याच आया दमतात, शनिवारी रिव्ह्यू आहे, सुट्टी बिल्कुल शक्य नाही. लेकीच्या गोळ्यांची नावं धड ठाऊक नाहीत, पण ऑफिसात 'माझी मुलगी फायटर आहे' म्हणून टाळ्या घ्यायला हा पुढे. संपदाला त्याची शिसारी आली.

नाही म्हणायचंही त्राण नव्हतं, म्हणून ती शनिवारी अवनीला घेऊन पहाडगंजजवळच्या हॉलवर गेली. करोल बागेचा नाद तिने मनातून सोडूनच दिला होता. पाहते तर पहिल्या रांगेत प्रसन्न, इस्त्रीचा कुर्ता घालून, मोबाइल उंचावून बसलेला. रिव्ह्यूचं काय झालं, असं तिने विचारलं.

"पुढे ढकलला. खास तुझ्यासाठी."

संपदाने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. सत्काराला सुट्टी मिळते तर. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

वृंदाताईंनी मानपत्र वाचलं, त्यात 'न थकणारी माता' असे शब्द होते आणि तिथे त्यांचा आवाज बरोब्बर कापला. शाल अंगावर पडली. मे महिन्यात, दिल्लीत, लोकरीची शाल! टाळ्या संपायच्या आत संपदाने ती काढून खुर्चीवर टाकली, खाली उतरली, अवनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बाबांजवळ बस, मी डॉक्टरांकडे जाऊन येते, असं तिला सांगितलं. मग औषधांची पिशवी प्रसन्नच्या मांडीवर ठेवली.

"फिट आली तर कुशीवर वळव. तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर निळ्या पाकिटातला स्प्रे नाकात मारायचा आणि ॲम्ब्युलन्स बोलवायची."

प्रसन्नने पिशवी उघडून आत पाहिलं. मोबाइल अजून चालूच होता. व्यासपीठावर वृंदाताई नारळ धरून उभ्या होत्या.

"मी एकटा?" तो पुटपुटला. "संपदा, मला नाही जमणार."

"मलाही जमत नाहीये," ती म्हणाली. "तेच सांगायला चाललेय."