डाव्या बाजूचा ब्रेक

ब्रेकच्या पेडलवरचं रबर... त्यावरच्या आडव्या रेघा अजून बोटाला लागत होत्या. मधल्या तेवढ्या थोड्या गुळगुळीत, कडेच्या मात्र धडधाकट. तिनं पुन्हा एकदा अंगठा फिरवून पाहिला. एका हातात मोबाइलचा उजेड, नाकात जुन्या मॅटचा धुळकट वास, डोकं स्टिअरिंगखाली आणि बाकीची सगळी ती दाराबाहेर — बाहेरून हे ध्यान कसं दिसत असेल याची तिला पूर्ण कल्पना होती, आणि मागे पोरांची खुसखुस चालली होती, म्हणजे ती दोघं ते डोळे भरून बघतही होती. हसा, हसा. मीटर मागे फिरवता येतं बाळांनो, रबर फिरवता येत नाही. क्लचच्या रबराला टक्कल पडलेलं, ते ठीकच, दोन लाख किलोमीटरच्या वर पळालेल्या गाडीला ते शोभतंच. पण ब्रेकचं असं? बदललेलं असणार... पण बदलणारा माणूस दोन्ही बदलतो, एक नवं घालून दुसरं टकलं कशाला ठेवेल... नाहीतर मग ही बाई ब्रेक लावतच नसणार.

"सापडलं का काही?" वरून आवाज आला. "माझं एक कानातलं हरवलंय तिथे, कित्येक वर्षं झाली. सापडलं तर तुमचं."

ती बाहेर आली, पाठीत हात देऊन सरळ झाली. गाडीची मालकीण हातात चहाचा कप घेऊन पत्र्याच्या शेडच्या खांबाला टेकून उभी होती. निवृत्त नर्स, आयुष्यभर घरोघरी जाऊन मलमपट्ट्या केलेली, दवाखान्यातून सुटलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना याच गाडीतून घरी पोचवलेली. मिठूनं, तिच्या लेकीनं, आल्या आल्या तिला 'आजी' म्हटलं तेव्हा "आजी तुझ्या घरी, मला सिस्टर म्हण," असं तिनं ठणकावलं होतं, आणि तेव्हापासून तिघंही तिला मुकाट्यानं सिस्टर म्हणत होती.

"ब्रेक फार कमी वापरता तुम्ही," गुडघे झटकत ती म्हणाली.

"मागे टाके घातलेला माणूस बसलेला असायचा. ब्रेक मारला की कोकलायचा. मग लांबूनच बघायची सवय लागली. पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसलं, की आधीच पाय काढून घ्यायचा."

आधीच पाय काढून घ्यायचा! अहो, हे माझं वाक्य आहे... वीस वर्षं मी हेच घसा कोरडा करून सांगतेय. टपावर पिवळी पाटी लावलेली शिकवणीची गाडी, उजवीकडे घामाघूम झालेला कोणीतरी, आणि डावीकडे मी, माझा जादा ब्रेक, माझा जादा क्लच. या गावात रस्त्यावर जो काही गोंधळ चालतो त्यातला निम्मा माझ्या विद्यार्थ्यांचा, असं मिठूचे बाबा म्हणतात. त्यांनी स्वतः स्टिअरिंगला कधी हात लावला नाही, औषधाच्या दुकानात बसून सगळ्या जगाला नावं ठेवायला ते मोकळे. आज सकाळी निघताना मात्र चेष्टा न करता म्हणाले, पोरं आत बसणार आहेत, तेव्हा लोखंड जाड बघ. एवढंच. आणि पुन्हा पेपरात तोंड.

पोरं आत बसणार आहेत. आणि मी नाही.

खरं तर मुद्दा तेवढाच होता आणि तो टाळण्यासाठी ती सकाळपासून रबरं, टायर, दारांच्या फटी, टपाखालचा गंज असल्या शंभर गोष्टी तपासत हिंडत होती. जुळी दोघं, अठरा पुरी झालेली. कॉलेज गावाबाहेर टेकडीच्या पलीकडे. प्रयोगशाळेचे तास संपेपर्यंत परतीची शेवटची बस निघून गेलेली असायची. पुढच्या आठवड्यात कॉलेज सुरू. गाडी हवी होती, जुनी हवी होती, स्वस्त हवी होती, आणि — हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं — मनातून तिला ती कुठेच सापडायला नको होती.

सकाळच्या डीलरकडे तर सुटकाच झाली होती. तिथे एक लालभडक गाडी, मागे पंख, मिठू तिला बघून "आई गं!" म्हणून जी थबकली ती हलेचना. मीटरवर चाळीस हजार. डीलरनं मॅडम, मॅडम करत दार उघडलं; तिनं वाकून पेडल बघितलं, तर ब्रेकचं रबर घासून आतलं लोखंड चमकत होतं. चाळीस हजारांत? कोणाच्या पायात घोड्याचे नाल होते का रे? पण नुसतंच नाही म्हणायचं जिवावर आलं, म्हणून ती "एक चक्कर मारून बघू" म्हणाली, सवयीनं डावीकडे जाऊन बसली, पट्टा लावला, आरशात बघितलं... डीलरही अदबीनं मागे बसला. आणि दोघं वाट बघत राहिली. तो म्हणाला, "चला मॅडम." ती म्हणाली, "चला." उजवीकडची सीट... म्हणजे चालवणाऱ्याची सीट रिकामीच. शेवटी बाहेर मिठू पोट धरून खालीच बसली तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. डीलर बिचारा अजून घरी सांगत असेल.

"मग? चालवून बघणार ना?" सिस्टरनं किल्ली पुढे केली. तिच्याकडे नाही — मौनीबाबाकडे.

मौनीबाबा म्हणजे मिठूचा जुळा भाऊ. पोटात असतानाच सगळे शब्द बहिणीला देऊन आलेला. त्यानं किल्ली घेतली, सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, सगळं तिनं शिकवलं होतं तसं, त्याच क्रमानं, आणि ती डावीकडे बसली, मिठू आणि सिस्टर मागे. इंजिन एकदा खाकरलं आणि चालू झालं. आवाज... बरा होता. जरा म्हाताऱ्या माणसासारखा पण दमेकरी नाही. पळायचं म्हटलं तरी फार पळणार नाही ही, आणि हे किती छान, लाल पंखवालीपेक्षा हजार पटीनं छान. तिनं पाय पुढे घेतला आणि पायाला काही लागलं नाही.

नुसती मॅट.

अर्थात. सगळ्या जगाच्या गाड्यांना डावीकडे नुसती मॅटच असते. माहीत होतं की. तरी तिनं पाय जरा इकडे, जरा तिकडे असा चाचपून पाहिला... आणि मौनीबाबानं गल्ली ओलांडून गाडी मोठ्या रस्त्याला लावली.

दुसऱ्या कोणाच्याही पोरांच्या बाबतीत ती अशी नव्हती. शिकाऊ माणसाला चूक करू द्यायची, शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं, पाय पेडलच्या वर नुसता तरंगत ठेवायचा — त्यासाठी तर तिचं नाव होतं. पण या दोघांना शिकवताना... शाळेचं फाटक आलं की तिचा पाय हलकेच खाली. औषधाच्या दुकानाचा कोपरा आला की हलकेच. अगदी फुलाला हात लावावा तसा, त्यांना कळणार नाही इतका. पोरांना वाटायचं आपण थांबवली गाडी, आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. परीक्षेला शेजारी निरीक्षक बसला, ती मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी राहून नखं खात राहिली, आणि दोघं पहिल्या फटक्यात पास झाली तेव्हा तिला आनंदापेक्षा आश्चर्यच जास्त वाटलं होतं. कशी काय पास झाली? थांबली कशी? मी तर तिथे नव्हते.

उतार आला. दवाखान्यामागचा, वळण घेत खाली चौकात जाणारा तो लांब उतार. तिचे विद्यार्थी याला रडवणी म्हणतात. मौनीबाबा काही बोलत नव्हता, म्हणजे नेहमीसारखाच होता, पण गाडी बोलायला लागली होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. खाली सिग्नल हिरवा. हिरवा असताना काय करायचं बाळा, सांगितलं होतं ना, हिरवा फार वेळचा असला तर तो आता... पिवळा. पाय काढ. काढ ना. हा काढत का नाही... तिनं दाबला. दोन्ही हातांनी सीटची कड धरून, टाचेपासून जीव एकवटून तिनं मॅट दाबली, आणि मॅटनं काय करावं अशी तिची अपेक्षा होती कोण जाणे.

गाडी थांबली. पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे, इतकी सावकाश की मागे सिस्टरच्या कपातला चहा — हो, ती कप घेऊनच बसली होती — हललासुद्धा नाही. म्हणजे पाय त्यानं कधीच काढला होता. वळणावरच. तिच्या आधी. तिला दिसलंच नव्हतं, कारण ती सिग्नलकडे बघत होती.

"टाके शाबूत," सिस्टर म्हणाली आणि तिनं एक घोट घेतला.

"आई," मागून मिठू म्हणाली, आणि त्या आवाजात हसू दाबून ठेवलेलं स्पष्ट कळत होतं, "दाबलास ना?"

"काय?"

"पाय गं. मॅटला भोक पडलं असेल बघ."

"काहीतरीच. मी कशाला दाबू..."

"आई," आता मौनीबाबा बोलला, समोर बघतच, "तुझा ब्रेक आणि आमचा ब्रेक एकाच दांड्याला जोडलेला आहे. तू दाबलंस की आमचं पेडल आपोआप खाली जातं. पायाखालून."

"पहिल्या दिवशी तूच दाखवलं होतंस," मिठू म्हणाली. "मान मोडेपर्यंत वाकायला लावून. हा बघा दांडा, म्हणे."

दांडा. अरे देवा... दांडा. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला ती तो दाखवते, पहिल्याच तासाला, आणि बजावून सांगते की माझा पाय पडला की तुम्हाला कळेल, तेव्हा लाजू नका. वीस वर्षं. आणि ही दोघं बसली की मात्र तो दांडा जणू कोणी काढून नेलेला... फुलाला हात लावावा तसा, म्हणे! कानापर्यंत लाली चढली तिच्या.

"म्हणजे तुम्हाला दर वेळी..."

"आम्ही पैज लावायचो," मिठू आता उघड हसत होती. "आज बाबांच्या दुकानाच्या किती आधी. हाच जिंकायचा नेहमी. याला तुझी नाडी बरोबर कळते."

"मग बोलला का नाहीत मेल्यांनो?"

सिग्नल हिरवा झाला. मौनीबाबानं गिअर टाकला.

"तुला बरं वाटायचं ना," तो म्हणाला.

तिला एकदम हसू यायला लागलं आणि त्याच वेळी नाकात झणझणलं, आणि दोन्ही एकदम आवरता येईना म्हणून ती खिडकीबाहेर तोंड करून बसली. लबाड कुठली! एवढे दिवस मी समजतेय की मी गुपचूप यांना सांभाळतेय, आणि ही दोघं तिकडे सीटवर शहाण्यासारखी बसून, पायाखालून पेडल जाऊ देतायत, कारण काय, तर आईला बरं वाटतं. रागावावं तर कशावर? असं सांभाळून घेणं मी यांना कधी शिकवलंच नव्हतं... हे कुठे शिकली ही?

चौकापलीकडे झाडाखाली गाडी थांबवून त्यांनी जागा बदलल्या. आता मिठू चालवणार. ती सवयीनं डाव्या दाराकडे वळली, तर मौनीबाबा तिथे आधीच उभा, दाराला हात लावून.

"तू मागे बस ना आई."

मागे? गाडीत मागे ती शेवटची कधी बसली होती हे तिला आठवेना. मागे ना आरसा, ना पेडल, काही नाहीच. समोर फक्त दोन डोकी, एकाच्या केसांत अजून उशीचा भोवरा, दुसरीची वेणी बडबडीबरोबर हलणारी. सिस्टरनं सरकून जागा दिली. मिठू निघाली, अर्थातच बोलत: ही गाडी कशी जरा आजीसारखी आहे, सॉरी सिस्टर, पण रंग काय वाईट नाही, आणि वर्गातल्या अमक्याकडे तर याहून खटारा आहे...

"माझी खटारा नाही," सिस्टर म्हणाली. "अनुभवी आहे. आणि मी अजून विकायची की नाही ते ठरवलेलं नाही. आधी पोरं बघते, मग किंमत सांगते."

म्हणजे हिचंही तेच चाललं होतं की! ती सिस्टरकडे बघत राहिली. त्या बाईनं रिकामा कप मांडीवर ठेवला होता आणि एक हात सीटवर, असाच, कुत्र्यामांजराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"आई, इथून सरळ की डावीकडे?"

सरळ, आरसा बघ, इंडिकेटर दे, खांदा वळवून बघ — सगळं जिभेवर रांगेत उभं होतं. "बघ बाई तुझं तू," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

मिठू डावीकडे वळली. शिकवणीची गाडी घेऊन ती स्वतः या रस्त्यावरून रोज जायची आणि इथल्या घरांना वरचे मजले आहेत हे तिनं आज पाहिलं. एका गच्चीत कोणी गादी वाळत टाकली होती. एक माणूस शिडीवर चढून खिडकी रंगवत होता, निळी, चक्क निळी... आणि पुढे एका फाटकातून टेम्पोचं ढुंगण बाहेर आलं, मागे मागे, न बघता, आणि तिचा उजवा पाय दाबला गेलाच. सिस्टरच्या मॅटवर. काही झालं नाही. गाडी हळू झाली ती पुढून, मिठूच्या पायानं, आणि तोंडाचा पट्टा क्षणभरही न थांबता. टेम्पो गेला, वाक्य पुढे चालू. आधी कोणाचा पाय पडला? तिचा की माझा? तिनं आठवून बघितलं आणि मध्येच सोडून दिलं.

मग तिनं चपला काढल्या, पट्टा जरा सैल करून दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"बसा, बसा," सिस्टर म्हणाली. "फक्त सीटला पाय पुसू नका. गाडी अजून माझी आहे."

"हो," ती म्हणाली. अजून. पुढे ती दोघं कशावरून तरी भांडायला लागली होती, गाडी मात्र सरळ रेषेत चालली होती. मांडीखाली दुमडलेल्या उजव्या पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. येऊ देत, तिला वाटलं, इतक्यात कुठे लागणार आहे तो.