दुसऱ्या बाजूवरची हजेरी

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझे अंग राखाडी प्लॅस्टिकचे आहे आणि पोटात तपकिरी फितीची दोन वेटोळी आहेत. एका शिंप्याच्या दुकानात, बटणांच्या बरण्यांमागे मी असते. माझ्या कपाळावरच्या चिठ्ठीची शाई आता उडाली आहे. ती राहिली असती, तर तुम्ही माझे नाव वाचले असते : ‘आम्ही हजर’.

माझा जन्म याच दुकानाच्या तळघरात झाला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या भिंतींवर चिंध्यांच्या गाद्या ठोकल्या होत्या. शिंपी ड्रम वाजवी. वर्षानुवर्षे शिवणयंत्र चालवलेला त्याचा पाय थकणे ठाऊक नसल्यासारखा चाले. गिटार दोघीजणी वाजवीत. त्या एकाच घरात राहत आणि घरमालकाला आपण बहिणी असल्याचे सांगत. गाणारा मात्र धुलाईघरात इस्त्री करणारा होता. त्याच्या आवाजामुळे सारे त्याला ‘भोंगा’ म्हणत. भोंग्याचे शिंप्यावर प्रेम होते आणि शिंप्याचे भोंग्यावर. तळघरात ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. जिना चढून वर आले, की ती कुणालाच ठाऊक नसे.

“अरे, ड्रम बडवतोयस की टीप मारतोयस?” भोंगा खेकसे. “एक टाका पुढे, दोन मागे!”

“तू आधी गळ्याला काज कर. सूर अडकतोय तुझा,” शिंपी म्हणे.

एकदा कोट न्यायला आलेल्या काकू जिन्याच्या तोंडाशीच थबकल्या. “शिंपीदादा, खाली कुणाला मारताय की काय?”

“नाही हो काकू, गाणं बसवतोय.”

“मग मारलेलं परवडलं!”

मित्रांनो, त्यांच्या संगीताला हार्डकोर पंक म्हणतात. एक गाणे सुरू होऊन संपेपर्यंत तुमच्या बुटाची नाडीसुद्धा बांधून होणार नाही. तुम्ही कदाचित कानांवर हात ठेवाल. पण जे पुरुष पुरुषांवर प्रेम करतात, ज्या स्त्रिया स्त्रियांवर प्रेम करतात, ज्यांना जन्मताना दिलेले नाव अंगाला कधी बसतच नाही, अशा माणसांना आयुष्यभर हळू बोलायला शिकवलेले असते. म्हणून ती माणसे तळघरात ओरडत.

दुसऱ्या बाजूवरचे शेवटचे गाणे संपले, की मात्र एक निराळी गोष्ट होती. तिथे वाद्ये नव्हती. भोंगा माइकच्या अगदी जवळ येऊन, कपड्याची घडी घालावी तशा हळुवार आवाजात विचारी, “कोण कोण आलंय?” मग तो थांबे. पुन्हा विचारी. तळघरातले लोक त्याला ‘हजेरी’ म्हणत. कॅसेटच्या पाठीवर दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या, की तिच्यावर दुसरे काही ध्वनिमुद्रित करता येत नाही. शहाणी माणसे त्या आधी मोडतात. आमच्या माणसांनी त्या मुद्दाम राखल्या. ज्याच्या हाती मी जाईन, त्याने भोंग्याच्या प्रश्नानंतरच्या कोऱ्या फितीवर स्वतः निवडलेले नाव सांगावे, ‘हजर’ म्हणावे आणि मला पुढे धाडावे, असा त्यांचा रिवाज होता.

मी पुष्कळ फिरले. एका परिचारिकेच्या उशीखाली राहिले, एका ट्रकचालकाच्या खिशात राहिले. कुणी हसत नाव सांगितले, कुणी नाव उच्चारताच रडू लागले. भरल्या पोटाने मी दुकानात परतले, तेव्हा भोंग्याने सर्वांचे आवाज डोळे मिटून ऐकले. मग शिंप्याला म्हणाला, “सगळे बोलले. शेवटचा कोरा तुकडा तुझा. तू तेवढा राहिलास.”

“माझं काय घेऊन बसलास? मी तर इथंच आहे.”

“इथं असणं वेगळं, राजा. हजर असणं वेगळं.”

पुढे भोंग्याच्या छातीत पाणी झाले आणि तो दवाखान्यातून परत आला नाही. त्याचा थोरला भाऊ सामान न्यायला दुकानात आला. त्याने शिंप्याकडे निरखून पाहिले. “तुम्ही कोण त्याचे?”

शिंप्याच्या गळ्यात मोजपट्टी लोंबत होती. “मी... त्यांचे कपडे शिवायचो,” तो म्हणाला.

भावाने मान हलवली आणि गाठोडे उचलले. मी बरण्यांमागे होते, म्हणून राहिले.

त्यानंतर तळघरात कापडाचे ठाण रचले गेले. गिटारवाल्या दोघींपैकी एकीचे लग्न घरच्यांनी लावून दिले, आणि दुसरीने शहर सोडले. माझ्या बहिणी, म्हणजे याच गाण्यांच्या इतर कॅसेटी, कुणाच्या घरातल्या ओलाव्यात बुरशीने गेल्या, कुणाच्या आईने चुलीत घातल्या. भोंग्याचा आवाज जगात माझ्यापाशीच उरला. ओरडणारा आवाज तर तसा कुणाचाही असू शकतो. त्याचा स्वतःचा आवाज तेवढ्या हजेरीतच होता.

ड्रम आणि यंत्रे यांच्यापायी शिंप्याचे कान गेले. तरीही तो मला लावी आणि स्पीकरवर तळहात टेकवून बसे. हातातून त्याला गाणी कळत. एका दुपारी त्याने मला असेच लावले. शेवटचे गाणे तळहाताखाली धडधडले आणि थांबले. भोंगा आता हळुवार आवाजात विचारणार होता, “कोण कोण आलंय?” पण हळुवार आवाज तळहाताला कळत नाही, मित्रांनो. गाण्यानंतरची शांतता शिंप्याला फार लांब वाटली. त्याला वाटले, हजेरी होऊन गेली, कोरी फीत आली. त्याने ध्वनिमुद्रणाच्या दोन्ही कळा एकदम दाबल्या.

“हजर,” तो म्हणाला. “ऐकतोयस ना? हजर आहे मी. तुझा भाऊ आला तेव्हा म्हणायला हवं होतं. मी कपडे शिवणारा नव्हतो रे. मी तुझा होतो.” तो बोलत राहिला. इतक्या वर्षांचे साचलेले बोलणे होते ते. माझ्या पोटात आधी भोंगा पुसला गेला, मग परिचारिका, मग ट्रकचालक, मग सगळेच. मला थांबवता आले नाही. कॅसेटला फक्त दुसऱ्याच्या आवाजाने बोलता येते.

संध्याकाळी त्याची पुतणी डबा घेऊन आली. त्याने तिला मला ऐकायला लावले आणि तिच्या तोंडाकडे पाहत बसला. “आधी तो विचारतो बघ. मग बाकीचे. मग मी. आलं का नीट?”

पुतणीने गाणे संपल्यावर काकाचा आवाज ऐकला. मागे जाऊन पुन्हा ऐकला. मग ती त्याच्या कानाशी वाकून ओरडली, “आलं, काका! सगळं आलं!”

“काय म्हणतो तो?”

लहानपणी याच दुकानात तिने ती हजेरी ऐकली होती. “विचारतात... कोण कोण आलंय.”

शिंपी किती दिवसांनी हसला. त्याने तिच्या हाती छोटी कात्री दिली. “आता त्या पट्ट्या मोडून टाक, बाळ. सगळे आले.”

तिने पट्ट्या मोडल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी फार हळू बोलणारे असेल. त्याचा आवाज जपा. त्याने विचारले, की लगेच उत्तर द्या. कोऱ्या फितीची वाट पाहू नका. माझ्यावर आता काहीही पुसता येत नाही, काहीही लिहिता येत नाही. शिंपी रोज मला लावतो. मी रोज ‘हजर’ म्हणते. विचारणारा मात्र माझ्यात कुठेच नाही, आणि हे त्या म्हाताऱ्याच्या तळहाताला कधीच कळणार नाही.