गप्प राहायची शिस्त

मी ओढ्याकाठचा सेन्सर बोलतोय, पण थोडक्यातच. बोलणं मला परवडत नाही. पाणी तपासायला चिमूटभर वीज पुरते. तेच हवेतून कळवायचं म्हटलं की बॅटरीचा जीव जातो.

एका इंजिनिअर बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवलं. मग आम्हां भावंडांना ओढ्याकाठी ओळीने खांबांना बांधलं. थोरला वर, रंगाच्या कारखान्यापाशी. मी खाली, तळ्यापाशी. मधले फक्त निरोप पुढे ढकलायला. शिस्त एकच: झोपा, अधूनमधून उठा, आणि पाण्यात बदल नसेल तर तोंड उघडू नका. माणसांचं उलटं, सांगण्यासारखं काही नसलं की ती जास्तच बोलतात.

तळं बाईंच्या धाकट्या भावाचं. ओढ्याचं पाणी घेऊन तो तिथे माशांची पिल्लं वाढवायचा. कारखान्यामुळे त्याचा जीव टांगणीला लागलेला असे.

"ताई, घाण पाणी आलं तर कळेल ना?"

"अरे, लगेच फोन वाजेल. वाजला नाही तर खुशाल झोप."

तो खुशाल झोपू लागला.

पुढे थोरल्याच्या झाकणात मुंग्यांनी घर केलं, ओल शिरली आणि तो गेला. मी ठरल्या वेळी कान उघडायचो. वरून काहीच नाही. म्हणजे बदल नाही, असंच आम्हांला शिकवलेलं. बाईंच्या स्क्रीनवरही त्याचा ठिपका हिरवागार.

मग रंगाचं पाणी सुटलं. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी बोंब ठोकली, पण तोवर ते तळ्यातही शिरलं होतं.

बाई धावत आल्या. पिल्लं पोट वर करून तरंगत होती. भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वाजला फोन, ताई. पिल्लं मरायला लागल्यावर."

बाई थोरल्याचं झाकण हातात धरून काठावर बसल्या. "तो गप्प आहे की मेलाय, हे मला वेगळं दिसतच नव्हतं रे. मीच तसं ठरवलं होतं."

आता नवा नियम आहे. बदल असो-नसो, ठरल्या वेळी 'आहे' एवढं तरी म्हणायचं. त्यापायी आमचं आयुष्य निम्म्यावर आलं. तक्रार नाही. भावाने तळं पुन्हा भरलंय, पण ताईशी तो कामापुरतंच बोलतो. त्याचं मात्र मला वाईट वाटतं.

माझी बॅटरी तळाला गेलीय. जमेल तोवर 'आहे' म्हणेन. एक दिवस ते ऐकू येणार नाही. तेव्हा सगळं ठीक असेल असं धरून बसू नका. उठून बघायला या.