दोन माणसांचं पातेलं

कोरियातल्या सोकचोच्या बंदरामागच्या त्या खानावळीत नियम दोनच होते, पण त्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. पहिला सरकारचा, आठवड्याभरापूर्वी निघालेला: कोरोनाची लस न घेतलेल्या माणसाने हॉटेलात एकट्यानेच बसून जेवायचं. दुसरा मालकिणीचा, तिच्या आईच्या काळापासून भिंतीवर रंगवलेला: दोनपेक्षा कमी माणसांना माशाच्या रश्श्याचं पातेलं लागणार नाही. इनसुकने लस घेतली होती. तिच्या नवऱ्याने, पिलग्यूने, घेतली नव्हती. झालं, घोडं तिथेच अडलं.

"मावशी, मग मी काय खाऊ? भिंत?" पिलग्यूने विचारलं. मालकीण त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण खानावळीतल्या बाईला मावशीच म्हणायचं असतं.

"काका, माझ्यावर कशाला चिडता? पलीकडच्या गल्लीत तपासणीवाले येऊन गेलेत." तिने जरा विचार केला. "असं करू. पातेलं काकूंच्या टेबलावर लावते. तुमच्या वाटणीचं वाडग्यात घालून तुम्हाला आणून देते. पण बसायचं तिकडे, खिडकीशी. बोलायचं असेल तर तिथूनच बोला."

पिलग्यू पाय आपटत खिडकीशी गेला. इनसुक शेगडीच्या टेबलाशी बसली. दोघांच्या मधे मासळीबाजारातल्या तिघी बायका जेवत होत्या. त्यांची लस झालेली होती, आणि कानही चांगले तयार होते.

पातेलं उकळायला लागलं. डोरूमुक माशांची पोटं अंड्यांनी टम्म फुगली होती, वर लाल तिखटाचा तवंग आला होता. इनसुकला एकदम भरून आलं. एकेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, बर्फातून घाट ओलांडणाऱ्या बसने ती दोघं इथे आली होती. तेव्हा मालकिणीची आई होती, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. तिने दोघांमधे असंच पातेलं ठेवलं आणि दोन चमचे टाकले. नवऱ्याचा चमचा ज्या पातेल्यात बुडतोय त्यात आपला कसा घालायचा, म्हणून इनसुक लाजून नुसता भातच चिवडत राहिली. पिलग्यूच्या ते लक्षात आलं. त्याने चमचा खाली ठेवला, आणि ती खायला लागेपर्यंत उचलला नाही. त्या एका गोष्टीवर तिने त्याचे पुढचे कितीतरी हट्ट माफ केले होते. मग दर वर्षी डिसेंबर संपता संपता ती दोघं वोंजूच्या घरून इथे यायची. आधी दोघं, मग मांडीवर मुलगा, मग मुलाचं लग्न झाल्यावर पुन्हा दोघं. मागच्या वर्षी साथीमुळे तेवढं चुकलं. त्या वर्षी थंडी आल्यासारखी वाटलीच नव्हती.

या खेपेला मात्र ती एक बेत मनात धरून आली होती. सोलला मुलाला मुलगी झाली होती. जानेवारीत बाळाला शंभर दिवस पूर्ण होणार, त्याची जेवणावळ एका मोठ्या हॉटेलात ठरली होती. सून बिचारी मऊ शब्दांत म्हणाली होती, "बाबांसाठी डबा पाठवीन हं." नातीच्या पहिल्या समारंभाला आजोबांना डबा! सहा महिने पिलग्यू दर वेळी नवं कारण काढत होता. एकदा सरकार खोटं बोलतं, एकदा शेजारच्या चोईला लस घेऊन ताप आला, एकदा आपलं शरीर लोखंडाचं आहे. इथे जुन्या आठवणींनी तो थोडा विरघळेल, असे मांडे ती मनात खात होती, आणि तो तर पार पलीकडे खिडकीशी, पाठमोरा बसला होता.

"अहो," तिने हाक मारली, "इकडे तोंड करा तरी. सोललाही असेच बसणार का? नात एका टेबलाशी आणि आजोबा दुसऱ्या?"

"मी घरीच बसेन."

"का पण?"

"भरवसा नाही म्हणून सांगितलंय ना."

"कोणावर, सरकारवर? पेन्शन तेवढी बरी चालते सरकारची!"

मधल्या टेबलावर हशा पिकला. "काकूंचं बरोबर आहे हो," एक बाई म्हणाली.

पिलग्यू लालबुंद झाला. घरी असता तर वाद इथवर आल्यावर तो पेपर उचलून गॅलरीत गेला असता. इथे पुढ्यात वाफाळतं वाडगं, आणि दाराच्या वाटेवर तीन बायका.

"सुईची भीती वाटते मला!" तो ओरडला. "बस? समाधान झालं सगळ्यांचं?"

मालकीणसुद्धा हसली. इनसुक तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं बाई! हा माणूस नौदलात होता!" ती मधल्या बायकांना म्हणाली. "समुद्रात उड्या मारायच्या गोष्टी सांगून पोराला झोपवायचा!"

पिलग्यू वाडग्याकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"काय? ऐकू नाही आलं."

तो पुन्हा पुटपुटला.

"अहो, मोठ्याने बोला ना!"

त्याने मान वर केली. "आईला सुई दिली होती, असं म्हणतोय."

हसू थांबलं. मालकिणीने शेगडी बारीक केली.

"नऊ वर्षांचा होतो मी," तो म्हणाला. अंतर एवढं, की हेही त्याला मोठ्यानेच सांगावं लागत होतं. "ताप होता तिला. मला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. म्हणाली, एक सुई घेते, मग घरी जाऊ. संध्याकाळ झाली, मामा येऊन मला घेऊन गेला. दुखणंच मोठं होतं, सुईने नाही गेली ती. ते कळतं मला. पण सुई म्हटलं की मी त्या बाकावर जाऊन बसतो."

सासूच्या श्राद्धाचा स्वयंपाक इनसुकने एकेचाळीस वेळा केला होता. तापाने गेली, एवढंच तिला माहीत होतं. कशी गेली, तेव्हा तुम्ही कुठे होता, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. मघाचं हसणं आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

"राहू दे," ती म्हणाली. "नका घेऊ. सोलला मी सांगते काय सांगायचं ते. डबा आला की घरी बसून दोघं खाऊ." आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली.

पिलग्यूने दोन घास खाल्ले. मग चमचा ठेवला.

"घेईन मी."

"नको म्हणते ना."

"घेईन म्हणतोय ना! पण तू आत यायचं माझ्याबरोबर. बाहेर बसायचं नाही." बाजारातल्या बायकांनी माना खाली घातल्या, पण त्याला आता कोणाची पर्वा नव्हती. "आई एकटीच गेली होती आत."

इनसुकने मान हलवली. तेवढ्याने त्याला कळलं की नाही कोण जाणे, म्हणून तिने सगळ्या खानावळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "येणार! आतच बसणार मी."