तुमचं तुम्ही बोला

मैत्रेयी चंदीगडला सेक्टर ३९ मधल्या एका संशोधन संस्थेत मातीतल्या जिवाणूंवर पीएचडी करत होती आणि जवळच एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती. सांगलीहून तिला रोज आधी आईचा फोन यायचा, मग बाबांचा. दोघं राहायचे एकाच घरात, पण एकमेकांना काही सांगायचं झालं की ते मुलीमार्फत.

"बाबांना सांग, माझ्या गुडघ्यांच्या मागे लागू नका म्हणावं," आई म्हणायची.

"आईला समजाव, करून घे म्हणावं एकदाचं ऑपरेशन," बाबा म्हणायचे.

मैत्रेयी दोन्हीकडचं ऐकायची, बोचणारे शब्द गाळायची आणि उरलेलं पुढे पोचवायची. त्यामुळे भांडण होत नसे, पण बोलणंही होत नसे.

नोव्हेंबरात दोघं तिच्याकडे आली. जिना चढताना आई प्रत्येक पायरीवर थांबत होती. बाबा बॅगा धरून मागे उभे होते. वर पोचल्यावर आई हातपाय धुवायला गेली, तसे ते मैत्रेयीच्या कानाशी लागले. "बघितलंस ना? आता तूच सांग तिला."

थोड्या वेळाने आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं. "कसे बघत होते बघितलंस? जसं काही मी मुद्दाम हळू चढते. सांग त्यांना, मला नाही करायचं ऑपरेशन."

मधे फक्त एक भिंत होती. मैत्रेयीला हसू आलं. आणि तिने तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. गच्चीवर कोवळं ऊन होतं. पराठे, दही खाऊन दोघं निवांत बसली होती, कुणालाच कुठे जायची घाई नव्हती. मैत्रेयीने मोबाइल बाजूला ठेवला.

"मला दोघांना एक सांगायचंय. यापुढे मी तुमचे निरोप पोचवणार नाही. रागावून नाही म्हणत. ते माझ्याकडून नीट पोचतच नाहीत. बाबा, तुम्ही काळजीने बोलता, आईला तो हुकूम वाटतो. आणि आई, तू घाबरून नाही म्हणतेस, तो बाबांना हट्ट वाटतो."

"घाबरून?" बाबांनी मान वर केली. "कशाला घाबरते ती?"

मैत्रेयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "आई समोरच बसलीय. तिलाच विचारा."

खालच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. बाबांनी घसा खाकरला.

"काय गं, घाबरतेस तू?"

आई पदराशी चाळा करत राहिली. "माझ्या मावशीचं झालं होतं ना गुडघ्याचं ऑपरेशन. नंतर ती अंथरुणातून उठलीच नाही. माझं तसं झालं तर? आंघोळीपासून सगळं तुम्हाला करावं लागेल."

"मग करेन की! तू बाजारात गेलीस की मी दारात उभा असतो. कुठे पडलीस तर, म्हणून."

"मला वाटायचं, चहाला उशीर होतो म्हणून उभे राहता."

"चहा मला करता येतो, नीलिमा."

आता मधे पडून काहीतरी गोड बोलावं असं मैत्रेयीला फार वाटलं. पण ती ताटं उचलून आत गेली, आणि भांडी सावकाश घासली. परत आली तेव्हा दोघं वाद घालत होती, मिरजेतल्या कुठल्या डॉक्टरांकडे जायचं यावर.

"आधी एकच गुडघा दाखवायचा. आणि डॉक्टरांना प्रश्न मी विचारणार," आई म्हणाली.

"विचार. मी गप्प बसेन."

"बसाल?"

"प्रयत्न करेन."

सांगलीला परतल्यावर एका रविवारी दोघांचा मिळून एकच फोन आला. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. ऑपरेशनचं अजून ठरलं नव्हतं, पण आई व्यायामाला जायला लागली होती आणि बाबा तिला सोडायला.

"आईला सांग, व्यायाम चुकवू नको म्हणावं," बाबा सवयीने बोलून गेले.

"आई कुठेय, बाबा?"

"ही काय, शेजारीच." ते स्वतःच हसले.

आता पोचवायला निरोप उरला नव्हता. इतकी वर्षं फोन निरोपांनीच भरलेला असायचा.

"मैत्रेयी," बाबा म्हणाले, "तू त्या मातीत नेमकं काय शोधतेस गं? लोक विचारतात, मला सांगताच येत नाही."

"आणि सोपं करून सांग हं," मागून आई म्हणाली.

मैत्रेयी खुर्ची ओढून बसली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागली.