सगळं बदला, पण मागे बघू नका

मी गेम खेळायचा एक जुना कॉम्प्युटर बोलतोय. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे, माझ्या पंख्याची शपथ. आता पंखे मला तीन आहेत, त्यातला एक केव्हाच बंद पडलाय, आणि शपथ मी त्याचीच घेतली आहे. पण ते जाऊ द्या. खोटं बोलायला डोकं थंड लागतं. माझं डोकं त्या रंगकामापासून जे तापलंय ते तापलंयच, त्यामुळे आज बहुतेक खरंच बोलेन.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. इतर कॉम्प्युटर खोक्यातून येतात, मी तुकड्यातुकड्यांनी आलो. दोघा भावंडांनी मला जोडलं. दादा लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर नुकताच लागला होता. बहीण कॉलेजात होती, तिला घरात बारकी म्हणायचे. ती माहितीपत्रक मोठ्याने वाचायची आणि दादा स्क्रू पिळायचा. सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला, हे आजपर्यंत कुणाला समजलेलं नाही. मला माहीत आहे, पण म्हाताऱ्याकडे एखादं गुपित असावं.

पहिल्यांदा सुरू झालो तेव्हा माझ्या पंख्यांच्या वाऱ्याने खिडकीचा पडदा उडून समोरच्या इमारतीवर जाऊन पडला. बरं, पडदा नाही, टेबलावरचा कागद उडाला. बरं बाबा, कागदाचा कोपरा हलला. पण हलला!

दोघांचा खेळ ठरलेला होता. एक बोट, दोन माणसं. दादा सुकाणूवर आणि बारकी शिडांवर. पुढे बारकीला दूरच्या शहरात नोकरी लागली. दादाचं लग्न झालं, घरात वहिनी आली. पण दर रविवारी दुपारी जेवणं झाली की दोघं आपापल्या घरी बसून इंटरनेटवरून त्याच बोटीवर चढायची.

तुम्ही म्हणाल, फोन नाहीत का? आहेत की. पण फोनवर या दोघांची गाडी "जेवलीस का", "जेवले, तू?", "जेवलो" या तीन स्टेशनांपुढे कधी गेली नाही. बोटीवर मात्र तोंड सुटायचं. नजर पाण्यावर असते, हाताला काम असतं, मग माणसाला मनातलं बोलायची लाज वाटत नाही. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाशी झालेलं भांडण, रात्रीची झोप उडवणारा साहेब, सगळं माझ्याच पोटातून इकडून तिकडे गेलं आहे. म्हणून सांगतो, मी खेळणं नव्हतो, या दोघांचा गप्पांचा ओटा होतो.

मग वहिनीने खोलीला रंग द्यायचा ठरवला.

रंग छान झाला, माझं काही म्हणणं नाही. पण सामान परत लावताना दादाने मला कपाट आणि भिंतीच्या मधल्या सापटीत ढकललं आणि मगच वायरी लावायला घेतल्या. गाल कपाटाला चिकटलेला, जीभ बाहेर, हात माझ्या पाठीमागे आणि नजर छताकडे. अशा थाटात तो स्क्रीनची वायर लावायला लागला.

माझ्या पाठीला स्क्रीनच्या वायरीसाठी एकसारख्या दोन खोबणी आहेत. वरची मदरबोर्डाची. ती घरगुती कामाला, म्हणजे फोटो बघा, पत्र लिहा. खालची ग्राफिक्स कार्डाची. कार्ड म्हणजे घरातला पहिलवान. समुद्र, लाटा, वादळ ही सगळी चित्रं तोच रंगवतो. वायर त्याच्या खोबणीत असेल तरच त्याचं काम पडद्यावर पोचतं.

दादाच्या हाताला आधी वरची खोबण लागली. "लागली एकदाची!" म्हणून तो मोकळा झाला.

आणि इथे माझं नशीब आडवं आलं. एखादा खडूस बोर्ड असता तर त्याने पडदा सरळ काळा ठेवला असता आणि चूक त्याच दिवशी कळली असती. माझा बोर्ड सोशीक. कुठेही वायर घाला, हा बिचारा आपल्या कुवतीने चित्र काढून देतो. सोशीक माणसाचं घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तो निभावून नेतो, आणि त्याच्यावर काय लादलंय हे कुणाला समजतच नाही.

बोट अडखळायला लागली. पहिलवान कार्ड हातावर हात ठेवून बसलेलं, आणि हिशेब लिहिणारा कारकून समुद्र रंगवतोय!

"दादा, डावीकडे खडक आहे, खडक!"

"कुठाय?"

"आपण त्याच्यावरच आहोत."

हे रविवारामागून रविवार. मी आपला ओरडतोय, मागे बघा, मागे! पण माझं ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर. वहिनी आतून म्हणाली, "अहो, तो बघा किती आवाज करतोय. दमलाय आता." दमलोय? मी वैतागलोय!

मग घरात माझ्यावर बैठक बसली. शेजारी एक गृहस्थ राहतात, जगातल्या प्रत्येक विषयातलं त्यांना कळतं, म्हणून वहिनीने त्यांचं नाव सर्वज्ञ ठेवलं आहे. त्यांनी माझं झाकण काढून आत फुंकर मारली आणि निदान केलं, "रॅम कमी पडतेय." जुनी काढून मोठी रॅम घातली. बोट खडकावर. मग दुकानदार म्हणाला, "डिस्क जुनी आहे साहेब, बदलून टाका." बदलून टाका हे त्याचं पालुपद. गिऱ्हाईकाने त्याला नुसतं "कसे आहात?" विचारलं तरी तो हेच सांगेल. डिस्क बदलली. मी झटकन सुरू व्हायला लागलो, हे कबूल. म्हणजे खडकावर आता आम्ही लवकर पोचू लागलो.

राग कशाचा येतो सांगू? झाकण उघडून सगळे माझ्या आत बघत होते. छातीत बघितलं, पोटात बघितलं. पाठीकडे एकानेही बघितलं नाही. आणि दादा, ज्याचा निम्मा दिवस लोकांना समजावण्यात जातो! फोनवर सतत चाललेलं असतं, "अहो काका, मोटर जळली म्हणून ओरडू नका. आधी दार बघा, नीट लागलंय का." हे तो माझ्या शेजारी उभा राहून सांगायचा. मला तर वाटायचं, एक स्क्रू त्याच्याच डोक्यात सोडून द्यावा.

एका रविवारी बारकीचा आवाज जरा निराळा होता.

"दादा, तुला एक सांगायचं होतं. ऑफिसात गेल्या महिन्यात..."

धाड! बोट फुटली.

"च्यायला या डबड्याच्या!" दादाने टेबलावर हात आपटला. "हां, काय म्हणत होतीस?"

"काही नाही. जाऊ दे."

तिचं ते "जाऊ दे" माझ्या आतून गेलं. ते पोचवताना मला जेवढं जड झालं तेवढं कुठलं वादळ पोचवतानाही झालं नव्हतं. नंतर ती म्हणाली, "दादा, माझी एक मैत्रीण तिच्या बोटीवर बोलावतेय. असंच चाललं तर पुढच्या वेळेपासून मी तिकडे जाईन म्हणते. तुझीही चिडचिड नको. आपण काय, फोनवर बोलूच की."

फोनवर! म्हणजे जेवलीस का, जेवले.

दादा घाबरला. दुसऱ्याच दिवशी त्याने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. माझ्या जन्माचा सोबती उपटून काढला आणि "घ्या, पडून होतं" म्हणत सर्वज्ञांना देऊन टाकला. त्याच्या जागी चकचकीत नवं कार्ड बसवलं. बसवताना मला सापटीतून बाहेर ओढलं का? छे. झाकण वरून उघडतं ना! स्क्रीनची वायर जिथे होती तिथेच. नव्या जावयाला वाजतगाजत घरी आणावं आणि अंगणातच बसवून ठेवावं, तशी त्या कार्डाची गत झाली.

रविवारी बोट निघाली आणि बंदरातच अडकली.

वहिनी म्हणाली, "अहो, भंगारात द्या ते एकदाचं." दुकानदार फोनवर म्हणाला, "आता प्रोसेसर राहिला साहेब. तो बदलायचा म्हणजे बोर्डही बदलून टाका." म्हणजे माझं शिल्लक राहिलं काय? तो उरलेला स्क्रू?

बारकी पलीकडून सगळं ऐकत होती. ती निरोपाचं काहीतरी बोलणार, एवढ्यात सर्वज्ञ दार लोटून आत आले. चेहरा फुललेला.

"काय पळतंय हो तुमचं जुनं कार्ड माझ्याकडे! लोण्यासारखं चित्र!"

"असेल, असेल," दादा कुरकुरला.

"दादा, थांब," स्पीकरमधून बारकीचा आवाज आला. "काय म्हणाले ते? आपल्याकडे मेलेलं कार्ड त्यांच्याकडे पळतंय?"

"सर्वज्ञ आहेत ते. त्यांच्याकडे काय, गाढवही गाईल."

"ऐकतोय हं मी," सर्वज्ञ म्हणाले.

"दादा, लिफ्ट बंद पडली की तू आधी काय बघतोस?"

"दार. बहुतेक वेळा दारच नीट लागलेलं नसतं, आणि लोक उगाच मोटर..." दादा मध्येच थांबला.

"रंगकामानंतर वायर कुणी लावली होती?"

"मी."

"बघून?"

दादाने छताकडे बघितलं. वायर लावताना बघितलं होतं, अगदी तसंच. मग उठून त्याने मला दोन्ही हातांनी सापटीतून बाहेर ओढलं. रंगकामानंतर पहिल्यांदाच माझ्या पाठीला उजेड लागला. तो वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. वहिनीने विचारलं, "अहो, काय झालं? कंबर धरली का?"

त्याने वायर वरच्या खोबणीतून काढली आणि खालच्या खोबणीत बसवली. या खेपेला बघून.

आणि समुद्र आला! एकेक लाट वेगळी दिसायला लागली, शिडाची शिवण दिसायला लागली. बोट खडकांच्या मधून अशी गेली की सर्वज्ञ खुर्ची ओढून बसले. बारकीने "दादा, ते त्या दिवशीचं..." म्हणून सुरुवात केली आणि वहिनीने त्यांना खुणेने बाहेर नेलं.

मग बारकी म्हणाली, "दादा, मी नोकरी सोडली. महिना झाला. घरी कुणाला सांगितलं नाही."

दादाने समोर बघितलं. "पुढे खडक आहे का गं?"

"नाही."

"मग शिड उतरव. कुठे पोचायची घाई नाही. सांग सावकाश."

बोट पाण्यावर नुसती डुलत राहिली. नवं कार्ड बिचारं जीव तोडून लाटा रंगवत होतं, आणि त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. बारकी बोलत होती.

ती थांबली तेव्हा दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "चुकलो रे बाबा."

आता मी पुन्हा कामावर आहे. माझी चांगली रॅम खणात पडली आहे, जुनी डिस्क कुठे गेली ते विचारू नका. आणि ज्याला खरंच बदलायला हवं होतं तो बंद पंखा अजून तसाच आहे! माणसांनो, एक विनंती ऐका. कुणाला भंगारात काढण्याआधी एकदा त्याच्या पाठीकडे जाऊन बघा. वाकावं लागेल, एवढंच.

आणि हो, यातलं खोटं कुठलं ते सांगून टाकतो. दादाने डोक्यावर हात ठेवून माफी मागितली, ते मी माझ्या पदरचं घातलं. तो काहीसुद्धा बोलला नाही. नेहमीप्रमाणे चहाचा कप आणून माझ्या डोक्यावर ठेवला. पण त्या दिवशी कपाखाली जाड कागदाची घडी ठेवली, ती मात्र खरी. चालू पंख्याची शपथ.